मेंदूत कुठल्या भागाला कुठलं काम, हे कोण ठरवतं?

अमळनेर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी दोन प्रश्न एकत्र विचारले आहेत. पहिला असा: "मेंदूचा कुठला भाग पाहणार, कुठला ऐकणार, कुठला बोलणार हे आईच्या पोटातच ठरलेलं असतं की जन्मानंतर ठरतं? प्रशिक्षणात सांगितलं की सहा वर्षांत मेंदू ९० टक्के तयार होतो. मग पहिलीत आमच्याकडे येणाऱ्या पोरांसाठी आम्ही करण्यासारखं उरतं तरी काय?" दुसरा घरचा: "बहिणीचा मुलगा १४ महिन्यांचा आहे. हाक मारली तर बघत नाही, पण थाळी वाजवली की वळतो. तिच्या सासूबाई म्हणतात, त्याचा बापही उशिराच बोलला. थांबावं का?"

ताई, दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. थांबू नका. याच आठवड्यात त्याच्या कानांची तपासणी करून घ्या. एवढी घाई कशासाठी, हे तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच दडलेलं आहे, म्हणून ते सविस्तर लिहितो.

मी जळगाव-धुळे भागात २६ वर्षं लहान मुलं तपासतोय. त्यातली अलीकडची पंधरा-सोळा वर्षं मुख्यतः वाढीत, बोलण्यात, चालण्यात मागे राहिलेली मुलं. आपल्याकडे पाचवी पुजताना पाटाजवळ कोरा कागद आणि पेन ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाचं नशीब लिहून जाते, असं आजी सांगते. माझ्यासमोर बसलेल्या आयांच्या मनातला प्रश्न बहुतेक वेळा याच रूपात असतो: लिहून झालंय, की अजून लिहायचंय?

मेंदूच्या शास्त्रज्ञांमध्येही नेमका हाच वाद झाला. १९८८मध्ये येल विद्यापीठाचे पास्को राकिच यांनी मांडलं की मेंदूच्या सालीत, म्हणजे बाहेरच्या थरात, पुढे कुठे काय होणार याचा कच्चा नकाशा पेशी जन्मतात तिथेच तयार असतो. याला त्यांनी 'प्रोटोमॅप' म्हटलं. पुढच्याच वर्षी डेनिस ओलिअरी यांनी दुसरी बाजू मांडली: साल सुरुवातीला बरीचशी सारखीच असते, तिच्यापर्यंत डोळ्याकडून किंवा कानाकडून जे येतं त्यावर तिचं काम ठरतं. गेल्या तीसेक वर्षांच्या कामातून जे दिसलं त्यात दोघांचंही खरं निघालं, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर. ते टप्पे समजले तर कुठे घाई करायची आणि कुठे निर्धास्त राहायचं ते आपोआप कळतं.

गर्भ राहिल्यापासून साधारण २८ दिवसांत पेशींची एक सपाट पट्टी गुंडाळली जाऊन नळी बनते आणि तिची दोन्ही तोंडं मिटतात. या नळीचा वरचा भाग फुगून मेंदू होतो, खालचा मज्जारज्जू. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. या २८ दिवसांत बहुतेक बायकांना आपल्याला दिवस गेलेत हेही कळलेलं नसतं. म्हणून फोलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून हवी. तिसऱ्या महिन्यात नाव नोंदवल्यावर सुरू केलेली गोळी रक्तवाढीला उपयोगी पडते, पण नळी मिटण्याची वेळ तोवर कधीच निघून गेलेली असते.

नळीच्या आतल्या पोकळीत पाणी असतं. त्या पोकळीच्या भिंतीलगत चेतापेशी जन्मतात आणि तिथून बाहेरच्या सालीपर्यंत चढत जातात. चढायला दोरासारख्या लांबट पेशी असतात, एक टोक आतल्या भिंतीला, दुसरं बाहेरच्या पृष्ठभागाला. आधी जन्मलेल्या चेतापेशी खालच्या थरात थांबतात, मागून आलेल्या त्यांना ओलांडून वर जातात. असे थर रचत सहा थरांची साल, म्हणजे कॉर्टेक्स, तयार होते. मोठ्या माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात, त्यांतल्या साधारण १,६०० कोटी या सालीत. सालीतल्या बहुतेक चेतापेशी गर्भारपणाच्या पूर्वार्धातच जन्मलेल्या असतात. म्हणून आईचं थायरॉइड, आयोडीन, रक्त हे सगळं पहिल्या तपासणीतच बघायचं असतं, सातव्या महिन्यात नव्हे.

आता या सालीवर सीमा कशा पडतात? घराचा पाया खोदण्याआधी गवंडी जमिनीवर चुन्याची फक्की मारून आखणी करतो. इथे देवघर, इथे स्वयंपाकघर. भिंती नसतात, नुसत्या पांढऱ्या रेघा. जनुकांचं पहिलं काम असंच आहे. सालीच्या अगदी पुढच्या टोकाला काही पेशी एफजीएफ-८ नावाचं प्रथिन सोडतात. देवघरात लावलेल्या उदबत्तीचा वास जवळ दाट आणि ओसरीवर विरळ येतो, तसं हे प्रथिन पुढे जास्त आणि मागे कमी असतं. आपण उदबत्तीपासून किती लांब आहोत, हे पेशीला त्या वासावरूनच कळतं. त्याच्या जोडीला पॅक्स-६ हे जनुक पुढच्या बाजूला जोरात चालतं, ईएमएक्स-२ मागच्या बाजूला. उंदरांमध्ये ईएमएक्स-२ काढून टाकलं की मागचं पाहण्याचं क्षेत्र आक्रसतं आणि पुढची क्षेत्रं मागे सरकतात.

या आखणीचा मला सर्वांत भावलेला पुरावा २००१चा आहे. तो समजायला उंदराच्या मिशा माहीत हव्यात. उंदीर अंधारात मिशांनी जग चाचपतो आणि त्याच्या मेंदूत प्रत्येक मिशीसाठी पेशींचा एकेक गोल पुंजका असतो. गालावर मिशा ज्या ओळींत, पुंजकेही त्याच ओळींत. वूल्सी आणि व्हॅन डर लूस यांनी १९७०मध्ये ते दाखवले. फुकुची-शिमोगोरी आणि ग्रोव्ह यांनी उंदराच्या गर्भात एफजीएफ-८चं प्रमाण पुढच्या टोकाला वाढवलं, तर मिशांचा नकाशा मागे सरकला. कमी केलं, तर पुढे आला. आणि मागच्या टोकाला या प्रथिनाचा नवाच एक झरा सोडला, तेव्हा मिशांचा अर्धामुर्धा दुसरा नकाशा उमटला. उदबत्त्या दोन झाल्या, तर देवघरंही दोन झाली.

म्हणजे राकिच यांचं खरं: आखणी असते. पण फक्की ही फक्कीच. तिच्यावर भिंत उभी राहते ती बाहेरून येणाऱ्या तारांमुळे, म्हणजे संदेश वाहून आणणाऱ्या चेतातंतूंमुळे.

डोळा, कान आणि कातडी यांच्याकडून येणारे संदेश आधी मेंदूच्या मध्यावर असलेल्या थॅलॅमसमध्ये जमतात आणि तिथून सालीकडे जातात. गर्भात या तारा सालीच्या खाली येऊन पोचतात आणि तिथे चक्क काही आठवडे थांबतात. तिथे मुद्दाम त्यांच्यासाठी असल्यासारख्या पेशींचा एक थर असतो, जो पुढे बराचसा नाहीसा होतो. साधारण २४ ते २८ आठवड्यांच्या सुमारास तारा वर सालीत शिरतात. आमच्या अतिदक्षता विभागात २८ आठवड्यांचं, किलोभर वजनाचं बाळ काचेच्या पेटीत असतं तेव्हा त्याच्या मेंदूत हे काम ऐन भरात असतं. म्हणून तिथे जोरात दार आपटलेलं, पेटीवर फाइल ठेवलेली, अलार्म वाजत राहिलेला मला सहन होत नाही. आणि म्हणून त्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवणं, ज्याला कांगारू मदर केअर म्हणतात, हे मी औषधाइतकंच आग्रहाने लिहून देतो.

जन्माआधी तर डोळ्यांना काही दिसत नाही, मग तारांमधून जातं काय? ज्यांच्या शेतात ठिबक आहे त्यांना हे पटकन कळेल. लागवडीआधी शेतकरी मोटर सुरू करून प्रत्येक नळी शेवटपर्यंत थेंब टाकते का ते बघतो. पीक अजून नाही, पण पाणी फिरवून बघायचं. प्राण्यांच्या डोळ्यांच्या पडद्यावर, डोळे उघडण्याच्या खूप आधी, विजेच्या लाटा आपोआप उठतात. शेजारशेजारच्या पेशी एकत्र चमकतात आणि त्यावरून मेंदूला कळतं की कोण कोणाचा शेजारी. १९९१मध्ये कार्ला शॅट्झ यांच्या गटाने या लाटा प्रत्यक्ष टिपल्या. कच्चा नकाशा असा जन्माआधीच थोडा बारीक होतो.

ओलिअरींची बाजू किती खरी आहे, ते मृगांक सूर यांच्या प्रयोगात दिसतं. आपल्याकडचे, आयआयटी कानपूरला शिकलेले, पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये गेलेले. त्यांच्या गटाने नुकत्याच जन्मलेल्या फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यात डोळ्याकडून येणाऱ्या तारा कानाच्या वाटेकडे वळवल्या. प्राणी मोठा झाल्यावर, जे क्षेत्र ऐकायचं असतं तिथे आडव्या-उभ्या रेषा ओळखणाऱ्या पेशी सापडल्या, जशा पाहण्याच्या क्षेत्रात असतात. आणि त्या क्षेत्रामार्फत आलेला उजेड त्या प्राण्याला आवाज म्हणून जाणवला नाही, उजेड म्हणूनच जाणवला. २०००मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी ते वाचलं तेव्हा दवाखान्यातल्या कामाकडे बघण्याची माझी दृष्टीच बदलली. त्यात एक बारकावा मात्र विसरू नये. त्या वळवलेल्या क्षेत्रातला नकाशा खऱ्या पाहण्याच्या क्षेत्राइतका नेटका नव्हता. फक्कीने आपला हक्क सोडला नव्हता.

आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय तो मुद्दा: वेळ.

उंदराच्या पिल्लाची मिशी जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मुळापासून गेली, तर तिचा पुंजका बनतच नाही. तेच काही दिवस उशिरा झालं, तर पुंजका टिकतो. डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा काही आठवडे बंद ठेवला. नंतर उघडला तर डोळा ठणठणीत, पण मेंदूत त्याची जागा उरली नव्हती. ती दुसऱ्या डोळ्याने घेतली होती. मोठ्या मांजराचा डोळा तेवढाच काळ बंद ठेवला तर काहीच बिघडत नाही. १९८१मध्ये त्यांना नोबेल मिळालं. याचा अर्थ सालीवरची जागा मोकळी पडून राहत नाही. ज्याच्याकडून संदेश येत नाही त्याचा वाटा शेजारी घेतो, आणि ठरावीक काळानंतर तो परत देत नाही.

माणसात हे रोज दिसतं. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळाचं ऑपरेशन पहिल्या दोन महिन्यांच्या आसपास व्हायला हवं. पालक म्हणतात, "थोडा मोठा होऊ द्या, अंगात ताकद येऊ द्या." ताकद येते, पण मेंदूतली जागा जात राहते. एमआयटीचेच पवन सिन्हा यांच्या 'प्रकाश' प्रकल्पात, उत्तर भारतातल्या ज्या मुलांचा मोतीबिंदू खूप उशिरा काढला गेला त्यांचा अभ्यास झाला. ऑपरेशननंतर लगेच, हाताने चाचपलेली वस्तू कोणती हे डोळ्यांनी ओळखणं त्यांना जमलं नाही. थोड्याच दिवसांत मात्र जमू लागलं. ही आशेची गोष्ट आहे आणि मी ती उशिरा आलेल्या प्रत्येक पालकाला सांगतो. पण त्यांच्या नजरेचा बारीकपणा पूर्ण परतला नाही, हेही सांगतो. तिरळेपणाचंही तसंच. "तिरळा डोळा म्हणजे लक्ष्मी" म्हणत सातवी-आठवीपर्यंत थांबलेल्या मुलीला चश्मा देऊन दिसत नाही, कारण अडचण डोळ्यात राहिलेलीच नसते. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशी डोळ्याला काम द्यायचं, ते सातेक वर्षांच्या आत सर्वांत चांगलं साधतं. कमी दिवसांच्या बाळांसाठी अजून एक: ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचाच.

कानाच्या बाबतीत माझ्या हातून झालेली चूक सांगतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावातून वीस महिन्यांचा मुलगा आला होता. आईने सांगितलं, "मन्हा आंडोर अजून बोलस नही." (माझा मुलगा अजून बोलत नाही.) मी त्याच्या मागे उभं राहून टाळी वाजवली. तो वळला. मी म्हटलं, कान चांगले आहेत, तीन वर्षांपर्यंत बघू. मग घरचे ऊसतोडीला गुजरातकडे गेले आणि तो परत आला तेव्हा साडेचार वर्षांचा होता. बेरा, म्हणजे आवाज कानापासून मेंदूपर्यंत पोचतो का ते मोजणारी तपासणी, केली तर दोन्ही कानांत काहीच प्रतिसाद नाही. वीस महिन्यांचा असताना तो टाळीच्या आवाजाने वळला नव्हता. माझी सावली किंवा हवेचा झोत त्याला कळला असणार. त्यानंतर मी टाळी वाजवून कान तपासणं कायमचं बंद केलं.

साडेचार वर्षं हा आकडा एवढा का लागला, तेही सांगतो. जन्मतः बहिऱ्या मुलांना कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऑपरेशन करून आतल्या कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र, बसवल्यावर मेंदूच्या ऐकण्याच्या क्षेत्राचा प्रतिसाद मोजला गेला आहे. साधारण साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांत तो प्रतिसाद वयाच्या मानाने नेहमीसारखा होत जातो. सात वर्षांनंतर झालेल्यांत बहुतेकदा होत नाही. मधल्या वयात कोणाचं जमतं, कोणाचं नाही. दरम्यान ते क्षेत्र रिकामं बसत नाही, ते नजरेच्या कामाला लागतं. जन्मांध माणूस बोटांनी ब्रेल वाचतो तेव्हा डोक्याच्या मागचं पाहण्याचं क्षेत्र काम करतं, हे १९९६मध्ये दिसलं, ते याचंच दुसरं रूप. त्या मुलाने पुढे खुणांची भाषा शिकली, मुलगा हुशार आहे, स्वतःचं पोट भरतो. पण त्याच्या वाट्याची आवाजाची भाषा माझ्या त्या वाक्यात गेली.

मेंदू आपल्या घरच्या भाषेला किती लवकर जुळवून घेतो, याचं एक उदाहरण आपल्या देवनागरीतलंच आहे. १९८४मध्ये कॅनडात जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले 'ट' आणि 'त' ऐकवले. सहा-आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांच्या बहुतेकांना कळेनासा झाला, कारण घरात तो फरक कोणी करतच नव्हतं. आपल्या बाळांचे ट-त पक्के होतात ते याच वयात. म्हणजे बाळ पहिला शब्द बोलण्याआधीच त्याच्या मेंदूने भाषेचं बरंच काम उरकलेलं असतं. 'बोलेल तेव्हा बघू' म्हणणारे नेमक्या या महिन्यांकडे दुर्लक्ष करतात.

यावरून तुमच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. अहिराणी घरातलं मूल शाळेला 'शाया' आणि केळीला 'केयी' म्हणतं, आणि काही शिक्षक त्याला चारचौघांत दुरुस्त करतात. कृपा करून तसं करू नका. त्याच्या मेंदूने आपल्या माणसांचे आवाज चोख शिकलेत, याची ती खूण आहे. 'ळ' तो सहाव्या-सातव्या वर्षी खेळता खेळता सहज उचलतो. दोन भाषा मेंदूला जड होत नाहीत. अहिराणीत भरपूर बोललेलं मूल मराठीतही पुढे असतं, हे मी वर्षानुवर्षं बघतोय.

आणि भाषा माणसाकडून शिकली जाते. पॅट्रिशिया कूल यांनी २००३मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काहींना समोर बसलेल्या बाईकडून, काहींना तीच बाई टीव्हीवर. प्रत्यक्ष बाई समोर असलेली बाळं चिनी आवाज शिकली, टीव्हीसमोरची काहीच शिकली नाहीत. कापूस वेचायला जाताना झोळीतल्या बाळाच्या हातात मोबाइल देणाऱ्या आईला मी रागावत नाही, तिला दुसरा हात नाही हे मला दिसतं. पण दोन वर्षांच्या आत मोबाइल भाषा शिकवत नाही, एवढं तिला नक्की सांगतो. वेचता वेचता बोलत राहिलेली आई शिकवते.

आता छाटणी. बाळाच्या मेंदूत चेतापेशींमधले जोड सुरुवातीला गरजेपेक्षा खूप जास्त बनतात आणि मग कमी होतात. शिकागोच्या पीटर हटेनलोकर यांनी हे जोड सूक्ष्मदर्शकाखाली अक्षरशः मोजले. पाहण्याच्या क्षेत्रात ते पहिल्या वर्षातच शिखर गाठतात, कपाळामागच्या विचार-नियोजनाच्या क्षेत्रात त्यानंतर, आणि तिथली छाटणी किशोरवयात चालूच असते. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला हे समजावायला फार वेळ लागत नाही. खोडाभोवतीची पिलं वेळच्या वेळी कापली नाहीत तर घड पोसत नाही. फरक एवढाच की बागेत कोणतं पील ठेवायचं ते शेतकरी ठरवतो, मेंदूत वापर ठरवतो. जो जोड रोज कामात आहे तो जाड होतो, जो पडून आहे तो मेंदूतल्याच सफाईच्या पेशी उचलून नेतात. त्यामुळे 'जास्त जोड म्हणजे जास्त हुशारी' असं सांगून औषधं किंवा खेळणी विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

मेंदूतल्या तारांवर मायलिन नावाचं स्निग्ध वेष्टण चढतं, त्यामुळे संदेश वेगाने जातात. ते खालून वर आणि मागून पुढे चढत जातं, कपाळामागे सर्वांत शेवटी, अगदी विशीतसुद्धा. पहिलीतलं पोर जागेवर बसत नाही याचं एक कारण हेही आहे.

आता ते ९० टक्के. तो आकडा आकारमानाचा आहे. जन्माच्या वेळी डोक्याचा घेर साधारण ३४ सेंटीमीटर असतो, वर्षाला ४५-४६, आणि सहाव्या वर्षापर्यंत मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास पोचतो, हे बरोबर. पण आकार भरला म्हणजे रचना संपली, असं नाही. ताई, तुमच्या वर्गात तर एक असं क्षेत्र घडतं जे घेऊन कोणतंच मूल जन्माला येत नाही. लिपी ही माणसाची अगदी अलीकडची गोष्ट आहे, वाचनासाठी मेंदूत जन्मजात जागा असणंच शक्य नाही. तरी वाचायला शिकलेल्या माणसाच्या मेंदूत डाव्या बाजूला खालून, ठरल्यासारख्या एकाच ठिकाणी, अक्षरं ओळखणारा भाग तयार होतो. लिपी कोणतीही असो, ठिकाण जवळपास तेच. फ्रान्समध्ये सहा वर्षांच्या मुलांच्या मेंदूची चित्रं शाळेच्या पहिल्या वर्षात पुन्हा पुन्हा घेतली, तेव्हा तो भाग काही महिन्यांतच उमटताना दिसला. आणि दुसऱ्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या, वाचता न येणाऱ्या मुलांच्या मेंदूतल्या तारांची जोडणी बघून, आठव्या वर्षी हा भाग नेमका कुठे उमटेल ते सांगता आलं. जागेची फक्की आधीची, भिंत तुमच्या खडूने उभी राहिलेली. करण्यासारखं काय उरतं, असं तुम्ही विचारलंत, त्याचं माझं उत्तर हे आहे.

उजवा मेंदू-डावा मेंदू आणि 'मिडब्रेन अ‍ॅक्टिव्हेशन'बद्दल पालक नेहमी विचारतात, म्हणून थोडक्यात. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवण्याचे जे वर्ग चालतात ते फसवणूक आहेत. मिडब्रेन हा मेंदूच्या देठाचा भाग आहे, डोळ्यांच्या हालचालींसारखी कामं तो जन्मापासून करतोच, त्याला कोणी फी घेऊन जागं करायची गरज नाही. दोन बाजूंची कामं थोडी वेगळी असतात हे खरं. बहुतेकांची भाषा डाव्या बाजूला असते. पण जन्माच्या सुमारास डाव्या बाजूला रक्तपुरवठा बंद पडून इजा झाली, तर अनेक बाळांची भाषा उजव्या बाजूला जाऊन चांगली वाढते. मोठ्या माणसाला तीच इजा झाली तर वाचा जाते. अशी एक मुलगी माझ्याकडे आहे, उजवा हात अजून अशक्त, बोलणं मात्र धबधब्यासारखं. तिची आई तिला पहिल्यांदा आठ महिन्यांची असताना घेऊन आली होती, "ही डावरी आहे" म्हणून. पहिल्या वर्षात कोणतंच बाळ डावरं किंवा उजवं नसतं. एकच हात वापरत असेल तर दुसऱ्या हाताची तपासणी हवी. हात हलवणाऱ्या क्षेत्राला मात्र भाषेसारखी सहज दुसरी जागा मिळत नाही, म्हणून व्यायाम जितका लवकर सुरू होईल तितका बरा.

आता तुमचा भाचा. थाळीला वळतो म्हणजे ऐकू येतं, असं धरू नका. थाळीची थरथर जमिनीतून आणि हवेतून अंगाला कळते, आणि खूप कमी ऐकू येणाऱ्या मुलालाही तेवढा मोठा आवाज कदाचित येतो. बोलणं त्याहून कितीतरी हळू असतं. 'लहान असताना हुंकार द्यायचा' असं घरचे म्हणत असतील, तर तेही पुरेसं नाही. बहिरं बाळही पहिले काही महिने हुंकारतं. दहाव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा', 'दादादा' असं सलग यायला हवं, ते येत होतं का, बहिणीला विचारा. बाप उशिरा बोलला असेल, पण तो हाकेला बघत नव्हता का? उशिरा बोलणं आणि हाकेला न बघणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नियम असा आहे की कानांची पहिली तपासणी एक महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत, यंत्र किंवा उपचार सहा महिन्यांच्या आत. तो त्या तारखांच्या पुढे गेलाय, पण साडेतीन वर्षं अजून लांब आहेत. अजून पुष्कळ करता येण्यासारखं आहे.

अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या गाडीची वाट बघत बसू नका, ती वर्षातून दोनदा येते. त्या पथकातल्या डॉक्टरांना फोन करून चिठ्ठी मागा किंवा थेट जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, घेऊन जा. आधी कानात मळ किंवा पाणी आहे का ते बघतील, मग ओएई ही आतल्या कानाची तपासणी, मग बेरा. ओएई 'पास' आली तरी बेरा करायला सांगा, कारण ओएई फक्त आतल्या कानापर्यंतचं सांगते, तिथून मेंदूपर्यंतच्या वाटेचं सांगत नाही. आईवडिलांचं लग्न नात्यातलं असेल, जन्मानंतर कावीळ जास्त होऊन बाळ लाइटखाली ठेवलं असेल, तर ते आपणहून सांगा. थायरॉइडची तपासणी जन्मानंतर झाली नसेल तर तीही करून घ्या. कान पूर्ण चांगले निघाले, तर प्रश्न संपला असं नाही. मग तो डोळ्यांत बघतो का, बोट दाखवून वस्तू मागतो का, आपण दाखवलं तिकडे बघतो का, हे बघावं लागेल, आणि त्यासाठी मला किंवा कोणाही विकासतज्ज्ञाला दाखवावं लागेल. रिपोर्ट येईपर्यंत त्याच्याशी समोर बसून, चेहरा उजेडात ठेवून, घरात बोलता त्याच भाषेत बोलत राहा.

बेरा झोपेत करतात. त्या दिवशी त्याला पहाटेच उठवा, बसमध्ये झोपू देऊ नका, तिथे पोचल्यावर पोटभर पाजा म्हणजे तो आपोआप झोपेल. आदल्या दिवशी डोक्याला तेल लावू नका, तपासणीच्या यंत्राच्या तारा चिकटत नाहीत. कानात तर तेल कधीच घालू नका.